बारभाईंची शेती कां मोडते?

आपल्या भाषेंत दोन म्हणी आहेत. एक सांगते, 'गांव करी तें राव न करी.' दुसरी विचारते, 'बारभाईंची शेती, काय लागेल हातीं?' दोन्ही म्हणी अनुभवाच्या, आणि तरीही एकमेकींच्या अगदीं उलट. दहा जण एकत्र आले म्हणजे एकट्या धनवंतास जें साधत नाहीं तें साधतें, हें खरें. आणि दहा जण एकत्र आले म्हणजे एकट्यासही जें साधलें असतें तें नासतें, हेंही तितकेंच खरें. मग कोणते दहा जण 'गांव' ठरतात व कोणते 'बारभाई', हा प्रश्न सहकारी संस्थेंत भाग घेतलेल्या प्रत्येक शेतकऱ्यानें स्वतःस विचारण्याजोगा आहे. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

या विचारास निमित्त झालें तें एका सभेचें. गेल्या चैत्रांत नदीकांठच्या एका उपसा सिंचन संस्थेच्या सभेस हजर राहण्याचा योग आम्हांस आला. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. हा मजकूर वाचून पुष्कळ वाचकांस ती आपलीच संस्था वाटण्याचा संभव आहे. सभेपुढें ताळेबंद होता. पण त्याविषयीं कोणीं अवाक्षर काढलें नाहीं. नळाच्या अगदीं शेवटच्या टोंकास ज्यांची जमीन आहे असे एक वृद्ध सभासद उठले व म्हणाले, "अध्यक्षसाहेब, ऐन माघांत गव्हाचा दाणा भरत असतां वरच्या मंडळींच्या रानांत दोन पाळ्या झाल्या. आमची एकही झाली नाहीं. पाणीपट्टी मात्र दोघांची सारखी. याचा जबाब आधीं द्या, मग ताळेबंद वाचा." अध्यक्षांनीं उत्तर दिलें कीं, टोंकाला नळाचा दाब कमी पडतो, त्यास कमिटी काय करणार? हें उत्तर अगदींच खोटें नव्हतें. पण पुरतें खरेंही नव्हतें. मग एका बाजूनें मागच्या निवडणुकीची गोष्ट निघाली, दुसऱ्या बाजूनें दोन पिढ्यांपूर्वींच्या बांधाची. घटकाभरांत सभा उधळली. टोंकाकडच्यांनीं पाणीपट्टी अडवून धरली, विजेचें बिल थकलें, जोडणी तोडली गेली, आणि वैशाखांत वरच्यांचा व खालच्यांचा ऊंस एकाच उन्हांत सारखाच वाळला.

भांडणाचें मूळ

अशा प्रसंगीं आपण सहसा म्हणतों कीं, माणसेंच वाईट निघालीं. आमच्या मतें हें निदान चुकीचें आहे. वरच्या बाजूचा शेतकरी रात्रीं दारें धरून उभा असतो. पाणी त्याच्या बांधाशीं आलेलें असतें. आणखी अर्धा तास चालूं दिलें तर कोणाचें काय जातें, असें त्यास प्रामाणिकपणें वाटतें. परंतु असा अर्धा अर्धा तास दहा जणांनीं घेतला म्हणजे पांच तास होतात, आणि ते पांचही तास शेवटच्या शेतकऱ्याच्या पाळींतून जातात. वरच्यास चोरी केल्याची जाणीव नसते. खालच्यास मात्र आपणांस लुटलें याविषयीं शंका उरत नाहीं. याच दोघांच्या जमिनींची अदलाबदल केली, तर त्यांचीं भाषणेंही अदलाबदल होतील.

सारांश, संस्थेंतील पुष्कळशीं भांडणें स्वभावांतून नव्हे, जागेंतून उत्पन्न होतात. ज्याची जागा कायमची वर, त्यास नियमाची गरज भासत नाहीं. ज्याची जागा कायमची खालीं, त्याचा नियमावर विश्वास बसत नाहीं. मग जुनें वैर, भावकी, जात, पक्ष हीं सर्व त्या भेगेंत शिरतात व ती रुंद करतात. म्हणून दुहीवर उपाय शोधावयाचा तर उपदेशांत न शोधतां जागेच्या मांडणींत शोधिला पाहिजे. हा उपाय आपल्याच मुलखांतील शेतकऱ्यांनीं फार पूर्वीं शोधून काढिला होता.

फडाची मांडणी

धुळें व नाशिक जिल्ह्यांतील वाचकांस फड बागाइताची ओळख करून देण्याची जरूर नाहीं. इतरांसाठीं थोडक्यांत सांगतों. पांझरा, गिरणा, मोसम, आरम या तापीच्या खोऱ्यांतील नद्यांवर लहान लहान बंधारे बांधून, त्यांतून पाट काढून, त्याखालची शेती गांवकऱ्यांनीं स्वतःच्या व्यवस्थेनें चालविण्याची ही पद्धत आहे. ती तीनचारशें वर्षांची जुनी मानितात. पाटाखालीं भिजणाऱ्या सगळ्या जमिनीचे बहुधा तीन किंवा चार मोठे भाग पाडलेले असत. या एकेका भागास फड म्हणत.

पहिला नियम असा कीं, एका फडांत एका हंगामांत एकच पीक घ्यावयाचें. एका फडांत ऊंस असेल, तर दुसऱ्यांत भुसार, तिसऱ्यांत गहूं-हरभरा, आणि पुढील वर्षीं हीं पिकें फिरावयाचीं. एका फडांतील पिकांची तहान एकाच वेळीं लागे. त्यामुळें 'माझ्या पिकास आतांच पाणी हवें, तुझें थांबूं शकतें' हा वाद निघण्यास जागाच नसे. पिकांचा फेरपालट होऊन जमिनीचा कस राही, हा त्यांतील दुसरा लाभ.

दुसरा नियम अधिक मार्मिक आहे. प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन होतां होईतों प्रत्येक फडांत असे. म्हणजे ज्याचा एक तुकडा पाटाच्या तोंडाशीं, त्याचा दुसरा तुकडा टोंकाशीं. वरच्या फडांत त्यानें खालच्याचें पाणी अडवावें, तर दुसऱ्या फडांत त्याचें पाणी अडविणारा कोणी तरी वर बसलेला असे. यंदां ऊंस त्याच्या एका तुकड्यांत, पुढें दुसऱ्यांत. एखाद्या फडास पाणी कमी मिळालें तर तो तोटा एका माणसाच्या कपाळीं न येतां सर्वांस थोडाथोडा वांटला जाई. न्यायी असणें म्हणजे दुसऱ्यावर उपकार करणें, असें येथें नव्हतें. आपला दुसरा तुकडा वांचविण्याचा तोच मार्ग होता.

तिसरा नियम पाणी देण्याच्या हाताविषयीं. फडांत मालकानें स्वतः दारें धरावयाचीं नाहींत. त्यासाठीं समूहाचे नोकर असत. पाट सांभाळणारे पाटकरी, देखरेख करणारे हवालदार, पिकाची राखण करणारे जागले, आणि प्रत्यक्ष पाणी भरणारे बारेकरी. त्यांची मजुरी सर्वांकडून, बहुतकरून धान्याच्या रूपानें, मिळे. पाणी एका बांधावरून दुसऱ्या बांधाकडे क्रमानें जाई. शेत कोणाचें हें बारेकऱ्यानें पाहावयाचें नसे. बांधावर मालक नाहीं म्हणून 'आणखी अर्धा तास' नाहीं, आणि रात्रीच्या अंधारांत कुदळीनें होणारे तंटेही नाहींत.

चौथा नियम टंचाईचा. बंधाऱ्यांत पाणी किती येईल याचा अंदाज घेऊन, कोणत्या फडांत काय लावावयाचें व किती, हें लागवडीपूर्वीं ठरे. पाणी कमी दिसल्यास लागवड कमी करावयाची, आणि कमी करावयाची ती सर्वांची. पीक उभें राहिल्यावर कोणाचें जाळावयाचें, असा क्रूर प्रश्न मग सहसा पंचांपुढें येत नसे. पांचवा नियम श्रमाचा. पाट साफ करणें, बंधाऱ्याची डागडुजी करणें हीं कामें सर्वांनीं आपापल्या जमिनीच्या प्रमाणांत करावयाचीं. नियम मोडणारास पंच दंड करीत, आणि पंच गांवांतच राहत असल्यामुळें निवाड्यासाठीं तालुक्याच्या ठिकाणीं जावें लागत नसे.

हा प्रकार सर्वस्वीं निर्दोष होता, असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यास जमीन नाहीं त्यास पाण्यांत वांटा नव्हता, आणि ज्यास निराळें पीक घ्यावयाचें त्यास मोकळीक नव्हती. पुढें नद्यांवर वरच्या अंगास धरणें झालीं, वांटण्यांनीं जमिनींचे तुकडे झाले, नगदी पिकांची ओढ वाढली, आणि विहिरीवर पंप बसल्यावर ज्याची विहीर त्याचें पाणी असें झालें. आज ही पद्धत बहुतेक ठिकाणीं मोडकळीस आलेली आहे. या मोडण्यांतही एक धडा आहे. जोंवर प्रत्येकास दुसऱ्याची गरज होती तोंवर पंचांचा शब्द चालला. ज्या दिवशीं बलिष्ठास वाटलें कीं आपलें एकट्याचें भागतें, त्या दिवसापासून नियम सैल झाला.

बावीस मुलें आणि पाण्याची टांकी

मनुष्यांचे तट कसे पडतात व कसे मोडतात, याविषयीं अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनीं १९५४ सालीं ओक्लाहोमा प्रांतांतील एका रानांत एक प्रयोग केला. तो येथें सांगण्याजोगा आहे, कारण त्यांतही पाणी आहे. सुमारें अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांस सुटीच्या शिबिरांत ठेविलें. मुलें सारख्या परिस्थितींतलीं, सुस्वभावी, एकमेकांस अनोळखी. त्यांच्यांत पूर्वींचें वैर कांहींच नव्हतें. मग दोन्ही गटांमध्यें बक्षिसांचे सामने लाविले. ज्या बक्षिसांत एकाचा लाभ ती दुसऱ्याची हानि, अशीं तीं बक्षिसें होतीं. थोड्याच दिवसांत एकानें दुसऱ्याचें निशाण जाळलें, राहण्याच्या जागांवर छापे घातले, आणि शिवीगाळ सुरू झाली.

पुढचा भाग विशेष ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. दोन्ही गटांस एकत्र जेवावयास बसविलें. भांडण मिटलें नाहीं, उलट अन्नाचीच फेंकाफेंक झाली. एकत्र करमणुकीनेंही कांहीं साधलें नाहीं. तेव्हां शिबिराचा पाणीपुरवठा बंद पाडण्यांत आला. बिघाड कोठें आहे तें सर्वांनीं मिळून शोधल्याशिवाय पाणी मिळणें शक्य नव्हतें. दोन्ही गट टांकीशीं जमले. त्या एका कामानें वैर गेलें नाहीं. पण त्यामागून एक मोटार सर्वांनीं मिळून दोरानें ओढणें, चित्रपटासाठीं पैसे एकत्र करणें, अशीं आणखी कामें आलीं, आणि हळूहळू तट विरघळले.

आपल्याकडे दोन तट पडले म्हणजे कोणी तरी सज्जन मध्यस्थ उभयतांस एका पंक्तीस बसवितो व भांडण मिटलें असें जाहीर करतो. पंक्ति उठते आणि भांडण पुन्हां बसतें. एकट्यास न पेलणारें, परंतु दोघांसही हवें असलेलें काम दोघांच्या खांद्यांवर दिल्याशिवाय, आणि तें एकदां नव्हे तर वारंवार दिल्याशिवाय, मनें जुळत नाहींत.

पुढारी कसा असावा

नियम आपोआप चालत नाहीं. त्यास राखणारा लागतो. पण राखणारा आणि राजा हे दोन निराळे. १९३९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कुर्ट लेविन व त्यांचे सहकारी यांनीं मुलांच्या मंडळांवर तीन तऱ्हांचे नायक नेमून पाहिले. एक सर्व हुकूम स्वतः सोडणारा, दुसरा विचारविनिमयानें काम ठरविणारा, तिसरा कशांतच लक्ष न घालणारा. हुकूम सोडणाऱ्या नायकाच्या मंडळांत तो समोर असेपर्यंत काम भरपूर झालें. तो खोलीबाहेर पडतांच काम मंदावलें. विचारानें चालणाऱ्या मंडळांत नायक बाहेर गेला तरी काम चालूच राहिलें. लक्ष न घालणाऱ्याकडे काम सर्वांत कमी झालें. आपल्या संस्थांतील अध्यक्षांचीं हीं तिन्ही रूपें वाचकांनीं पाहिलेलीं असतील. विशेषतः पहिलें रूप आपणांस फार आवडतें, कारण तें काम झपाट्यानें उरकतें. परंतु तो अध्यक्ष आजारी पडला, वारला किंवा पडला कीं संस्था दाराशीं धनी नसलेल्या बैलासारखी उभी राहते.

या बाबतींत प्रवरा कांठच्या शेतकऱ्यांचें उदाहरण घेण्याजोगें आहे. लोणीच्या सहकारी साखर कारखान्याची उभारणी करण्यांत विठ्ठलराव विखे पाटील अग्रभागीं होते. गांवोगांव हिंडून भागभांडवल जमविणारे तेच. १९५०-५१ सालीं कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला, तेव्हां अध्यक्षाच्या खुर्चीवर मात्र पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ होते. ज्याच्या कष्टांनीं संस्था उभी राहिली त्यानेंच पहिली खुर्ची घेतली पाहिजे, असें नाहीं. त्या मुलखांत ज्याचा ऊंस नाहीं, भावकी नाहीं, अशा माणसाचा शब्द सर्व तटांस मानवतो, हें आम्हांस यांत महत्त्वाचें वाटतें. संस्था आपल्याहून मोठी असावी अशी ज्याची इच्छा, तोच खरा पुढारी.

टोंकाकडून आरंभ

आतां अलीकडील काळाकडे वळूं. नाशिक जिल्ह्यांत दिंडोरी तालुक्यांत वाघाडचें धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेवटीं ओझरच्या बाजूस पाणी धड पोंचत नसे. कालव्याच्या तोंडाशीं असणारे स्वतःहून पाणी सोडतील याची वाट न पाहतां १९९० च्या पुढेंमागें टोंकाच्याच शेतकऱ्यांनीं समाज परिवर्तन केंद्राच्या व बापू उपाध्ये यांच्या प्रेरणेनें तीन पाणीवापर संस्था स्थापिल्या. त्यांनीं सरकाराकडून पाणी मापानें मागून घेतलें, म्हणजे किती एकरांस यावर नव्हे, तर किती घनमीटर यावर पट्टी. पाणी मोजून मिळूं लागल्यावर कोणाचें किती हा वाद मापावर आला; माणसावर राहिला नाहीं. पुढें वरच्या अंगासही संस्था झाल्या आणि अखेर सर्व लाभक्षेत्र एकूण २४ संस्थांत वांटलें जाऊन त्यांचा एक संघ झाला. २००५ सालीं महाराष्ट्रांत सिंचनाचें व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा झाला. त्यांत पाणीवापर संस्थेचे संचालक वरच्या, मधल्या व टोंकाच्या अशा तिन्ही भागांतून निवडण्याची तरतूद आहे. प्रत्येक जागेचा माणूस कमिटींत बसावा, हें फडाचेंच जुनें शहाणपण निराळ्या रूपानें कायद्यांत आलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन विदुषीनें जगांतील अनेक देशांच्या समाईक पाणी, कुरणें व मासेमारी यांचा अभ्यास करून १९९० सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. २००९ सालीं त्यांस अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. समाईक वस्तु टिकविणाऱ्या समूहांचीं जीं लक्षणें त्यांनीं सांगितलीं, तीं वाचतांना फडाचीच आठवण होते. सभासद कोण हें स्पष्ट असावें. नियम स्थानिक परिस्थितीस जुळणारे असावेत व ते करण्यांत सभासदांचा हात असावा. देखरेख करणारा सभासदांस जबाबदार असावा. दंड पहिल्या चुकीस हलका व पुढें चढत जाणारा असावा. आणि तंटा मिटविण्याची जागा जवळची व स्वस्त असावी.

येत्या सभेपूर्वीं

आमच्या वाचकांपैकीं बहुतेक कोणत्या ना कोणत्या संस्थेचे सभासद आहेत. कित्येक पंचांत वा कमिटींतही असतील. त्यांस आमची सूचना अशी. येत्या सभेपूर्वीं आपल्या संस्थेचा नकाशा पुढें घ्यावा आणि पाणी असो, खत असो, कर्ज असो कीं उसाची तोड असो, कायमचा वर कोण आहे व कायमचा खालीं कोण, हें शोधावें. दोघांच्या जागा पाळीपाळीनें बदलतील असा एखादा तरी नियम करावा. जमिनी बदलतां येणार नाहींत, पण पाळीचा आरंभ बदलतां येतो. पाणी सोडणारा नोकर संस्थेचा असावा, अध्यक्षाचा नसावा. कोणत्या तारखेस कोणास किती पाणी वा माल मिळाला, तें सर्वांस दिसेल अशा फळ्यावर रोज लिहावें. आणि निवडणुकींत हरलेल्यांस एखादें जबाबदारीचें काम मुद्दाम द्यावें. रिकाम्या हातांस दगड लवकर सांपडतो.

लेखाच्या आरंभीं ज्या संस्थेची हकीकत सांगितली, तिचें पुढें काय झालें तें सांगून लेख संपवितों. पावसाळ्यांत नदीच्या पुरानें मुख्य नळाचा एक भाग वाहून गेला. तो बसविल्याशिवाय कोणाचेंच रान भिजणार नव्हतें, आणि कोणत्याही एका तटाजवळ तेवढा पैसा नव्हता. भाद्रपदांत दोन्हीकडचीं माणसें चिखलांत उभीं राहिलीं. थकलेल्या पट्टीचा हिशेबही तेथेंच नदीकांठीं बसून झाला. दसऱ्याच्या सुमारास झालेल्या सभेंत एकच ठराव आला. रब्बीची पहिली पाळी टोंकाकडून सुरू करावयाची, दुसरी वरून, आणि चावी संस्थेच्या नोकराकडे. ठराव मांडला तो वरच्या बाजूच्या एका तरुण सभासदानें. मतें मोजतां ठराव थोड्या मतांनीं मंजूर झाला. एकमतानें झाला असें आम्हांस लिहितां येत नाहीं. दोन घरें अद्याप सभेस येत नाहींत. अध्यक्ष तेच आहेत. परंतु यंदां माघांत गव्हाच्या दाण्यावर दोन्ही टोंकांस पाणी पोंचलें, आणि त्या वृद्ध सभासदानें आपली पट्टी मुदतीच्या आधीं आणून भरली. पावती घेतांना त्यांनीं चिटणिसास विचारलें, "मागचा ताळेबंद राहिला होता ना वाचावयाचा? या खेपेस वाचा, आम्ही ऐकूं."